पावसाळ्याआधी पूलचं पाणी किती उतरवायचं? शिवोलीच्या एका व्हिलाची केस

मे महिन्याच्या शेवटी गोव्यात बार्देश तालुक्यातल्या शिवोलीच्या एका व्हिलाच्या मालकांचा व्हॉइस मेसेज आला, त्यांचा पूल आम्ही सांभाळतो. मालक मूळ बार्देशातलेच, पण आता कित्येक वर्षं कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला, तिकडच्या घरीही पूल आहे आणि तो ते दर ऑक्टोबरला बंद करतात. मेसेज असा की, "अरे ऐक, जूनपासून गणेश चवथीपर्यंत गेस्ट नाहीत, तर पूल बंद करून टाक, आम्ही इथे करतो तसाच, पाणी स्किमरच्या खाली उतरव, पाइप रिकामे कर, प्लग मार, झालं. आणि बंदच ठेवायचाय तर मग पाणी पूर्णच काढ ना, टाइल्सच्या फटींतला ग्राउट गेलाय तो पण करून घे, चवथीला आम्ही येतोय."

आता यात मागण्या दोन आहेत आणि दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पाणी थोडं उतरवणं ठीक, त्यावर बोलता येतं. पण जूनच्या तोंडावर गोव्यात पूल रिता करून तीन-साडेतीन महिने ठेवायचा, हे ऐकूनच मी कपाळाला हात लावला. तरी मालकांना नुसतं "नको" सांगून भागत नाही, विशेषतः जो माणूस स्वतः दरवर्षी पूल बंद करतो त्याला, तो म्हणणार मी वीस वर्षं करतोय मला काय शिकवतोस. त्यामुळे का नको ते आकड्यात मांडून पाठवलं, ते आणि पुढे जे झालं ते सगळं इथे लिहितोय, कारण ही अशी विनंती दर मे महिन्यात कुणाची ना कुणाची येतेच.

आधी तिकडे पाणी का उतरवतात ते बघू. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. स्किमर म्हणजे भिंतीत बसवलेला प्लॅस्टिकचा डबा, त्याच्या तोंडातून पूलचं वरचं पाणी पंपाकडे ओढलं जातं, त्यात पाणी राहिलं आणि त्याचा बर्फ झाला की डबा तडकतो, रिटर्नच्या म्हणजे गाळलेलं पाणी पूलमध्ये परत आणणाऱ्या पाइपांचंही तेच. म्हणून पातळी स्किमरच्या तोंडाखाली आणतात, मग कॉम्प्रेसर नाहीतर मोठ्या व्हॅक्यूमने पाइपांत हवा मारून उरलेलं पाणी बाहेर फेकतात, रिटर्नला रबरी प्लग मारतात, स्किमरच्या भोकात एक पोकळ प्लॅस्टिकची बाटलीवजा नळी फिरवून बसवतात म्हणजे बर्फ फुगला तर ती चेपते आणि डबा वाचतो, पंप आणि फिल्टरचे ड्रेन प्लग काढून ठेवतात, आणि कुठल्या पाइपची खात्री नसेल तर त्यात प्रॉपिलिन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओततात. (गाडीच्या रेडिएटरमधलं नाही हां, त्यात सहसा इथिलिन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी.) किती इंच उतरवायचं ते कव्हरवर ठरतं. पाणी आत न सोडणारं घट्ट कव्हर असेल तर तोंडाखाली काही इंच पुरतात, जाळीचं असेल तर जास्त उतरवावं लागतं कारण वितळलेला बर्फ आणि पाऊस त्यातून आत गळत राहतो आणि थंडी संपेपर्यंत पातळी पुन्हा स्किमरला येऊन टेकते.

आणि रिकामा तर तिकडेही कुणी ठेवत नाही. टोरांटोच्या भागात हिवाळ्यात जमीन साधारण १.२ मीटर खोलपर्यंत गोठू शकते असं धरून घरांचे पाये खाली नेतात, अशी गोठलेली माती भिंतींना बाहेरून दाबते आणि आतून तोलायला पाणी लागतं. कव्हरवर बर्फाचा थर बसतो, त्याचं ओझंसुद्धा शेवटी खालच्या पाण्यावरच टेकतं, पातळी फार उतरवली तर कव्हर लोंबकळतं आणि फाटतं. व्हिनाइल लायनरचा पूल असेल तर तो रिकामा झाला की लायनर आकसतो, परत नीट बसत नाही. मी मालकांना फोनवर विचारलं, "काका, तुमचा तिकडचा पूल कधी पूर्ण रिता केलाय का?" तर म्हणाले, "नाही रे, इथला माणूस करूच देत नाही." का देत नाही ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे तिकडची पद्धत बरोबरच आहे, फक्त तिचं कारण बर्फ आहे आणि आपल्याकडे बर्फ फक्त मासळी बाजारात मिळतो. पणजीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा २० च्या आसपास असतो, आपला हिवाळा म्हणजे उलट पूलचा सीझनच. आपला बंद काळ पावसाचा, आणि पावसात सांभाळायचं ते पूलच्या बाहेरचं, जमिनीतलं पाणी.

आता जागा कशी आहे ते सांगतो, कारण सगळी केस त्या जागेवरच आहे. व्हिला डोंगराच्या उतरणीवर, वरच्या बाजूला काजू आणि खाली भाताची शेतं. उतार कापून सपाटी केलीय आणि त्या सपाटीत पूल बसवलाय, त्यामुळे पूलची एक लांब बाजू कापलेल्या डोंगराकडे आणि दुसरी शेतांकडे. पंप रूम शेतांच्या बाजूला, पूलच्या पातळीपेक्षा खाली. (हे लक्षात ठेवा, पुढे जुलैत याच गोष्टीने घोळ केला.) जमीन आपल्याकडची नेहमीचीच, वर कडक जांभा, त्याच्याखाली पांढरट-गुलाबी चिकट माती. जांभा भोकाभोकांचा, पाऊस पडला की पितो, पण खालची चिकट माती पाणी लवकर खाली जाऊ देत नाही, मग ते पाणी मधल्यामधे साठतं आणि उताराच्या दिशेने सरकतं, आणि वाटेत काँक्रीटचा डबा पुरलेला असेल तर त्याच्या मागे आणि खाली तुंबतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि एकट्या जुलैत मीटरभर पडू शकतो.

तिथले केअरटेकर काका साठी उलटलेले, गावातलेच, व्हिला बांधायच्या आधीपासून ती जमीन त्यांना माहीत. कंपाउंडमध्ये जुनी विहीर आहे, पूलपासून वीसेक मीटरवर, मे महिन्यात तिचा तळ दिसतो आणि जुलैत काठावरून हात घालून पाणी काढता येतं. मी मालकांचा निरोप सांगितला तर ते लगेच म्हणाले, "बांय भरल्यार पूल रिकामो करूं नाका." (बांय म्हणजे विहीर.) त्यांनी कुठलं गणित केलं नव्हतं, वाड्यावरच्याच एका बंगल्यात काही वर्षांपूर्वी लीकेज काढायला म्हणून पावसात पूल रिता करून ठेवला होता आणि एका सकाळी खोल बाजूचा तळ वर आलेला, कोपिंग (पूलच्या काठावरची लादी) आणि डेकमध्ये चार बोटं फट, टाइल्स उडालेल्या. तो पूल शेवटी बुजवून त्यावर लॉन केला.

आणि विहिरीचं म्हणाल तर शिवोलीला याचं कॅलेंडरच आहे. २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, होड्या सजवून मिरवणूक निघते, पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. म्हणजे मिरगानंतर दोन-तीन आठवड्यांत विहिरीत उडी मारण्याइतकं पाणी येतं असा गावाचा पिढ्यान्पिढ्यांचा हिशेब. विहिरीत ते पाणी आलं की आजूबाजूच्या जमिनीतही आलंच, आणि तिथेच आपला पूल बसलाय.

आता गणित. रिकामं पातेलं पाण्याच्या बादलीत दाबून धरा, हात सोडला की ते वर उसळतं, पूलचंही तेच, फक्त हात म्हणजे आतलं पाणी. हा पूल आतून ८ बाय ४ मीटर, खोली एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.६, सरासरी १.४, म्हणजे पाणी ४५ हजार लिटरच्या आसपास, वजन ४५ टन. तळ आणि भिंती ड्रॉइंगप्रमाणे २० सेंमी जाडीच्या. काँक्रीट घनमीटरला अडीच टन धरलं तर नुसतं भांडं ३७-३८ टन, प्लास्टर आणि टाइल्स मिळून ४० धरू. बाहेरून मापं साधारण ८.४ बाय ४.४, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ३७ चौ.मी., आणि कोपिंगपासून तळाच्या खालच्या बाजूपर्यंत उंची १.७५ मी. जमिनीतलं पाणी अगदी कोपिंगपर्यंत चढलं तर खालून वर ढकलणारा जोर ३७ गुणिले १.७५, म्हणजे जवळपास ६५ टन.

४० टनाचं रिकामं भांडं आणि खालून ६५ टन. टिकणार कसं? पूल भरलेला असेल तर ४० अधिक ४५, पंच्याऐंशी टन, तो जागचा हलत नाही. बरोबर काट्यावर कधी येतो, तर आत २५ टन पाणी असेल तेव्हा, म्हणजे सरासरी ७८ सेंमी खोली. पण काट्यावर कुणी ठेवत नाही, वर उचलणाऱ्या जोराच्या १.२ पट वजन असावं असा बांधकामातला सर्वसाधारण नियम लावला तर ७८ टन लागतात, म्हणजे आत ३८ टन पाणी, खोली जवळपास १.२ मी. आता आपलं नेहमीचं पाणी १.४ मी., म्हणून उतरवायला हातात राहतात फक्त २० सेंमी. यात मातीची पकड आणि डेकचं ओझं धरलेलं नाही, ते थोडंफार मदत करतं, पण भिजलेल्या मातीच्या पकडीवर मी तरी कुणाच्या पूलची जबाबदारी घेणार नाही.

हे मी मालकांना वहीच्या पानावर लिहून फोटो काढून पाठवलं. ते इंजिनिअर नाहीत, अकाउंट्समधले आहेत, त्यामुळे वजाबाकी त्यांना लगेच पटली. फक्त एक शंका काढली आणि ती चांगली होती, की ड्रॉइंगमध्ये मेन ड्रेनच्या (पूलच्या तळातून पाणी ओढायच्या तोंडाच्या) खड्ड्यात हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह दाखवलाय, मग तो कशाला असतो? तो याच्यासाठीच असतो, बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की स्प्रिंग दाबून उघडतो आणि जमिनीतलं पाणी पूलमध्ये घेतो, पाणी गढूळ होतं पण पूल वाचतो. पण ड्रॉइंगमध्ये आहे म्हणजे जाग्यावर आहे असं नाही, आणि जाग्यावर आहे म्हणजे चालतोय असंही नाही, टाइल्स बसवताना सिमेंट-ग्राउटचं पाणी त्यातच उतरतं आणि मग तो चिकटतो. मेन ड्रेनची जाळी काढून आमच्याकडे कामाला असलेल्या एका पोराने बुडी मारून बघितलं, व्हॉल्व्ह होता, हाताने दाबला तर हलला नाही. पाण्याखाली तो खोलायचा नाही, सुटून आला आणि परत बसला नाही तर पूल तिथूनच गळणार, म्हणून ठरवलं की तो नाहीच असं समजून चालायचं. खरं सांगायचं तर आपल्याकडे हल्ली जे व्हिला उभे राहतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हा व्हॉल्व्ह आणि तळाखालचा खडीचा ड्रेनेज थर यावर पहिली कात्री चालते, कारण ब्रोशरच्या फोटोत ते दिसत नाही.

मग केलं काय. पाणी उतरवलं, पण फक्त अडीच-तीन इंच, म्हणजे स्किमरच्या तोंडाच्या मधोमध असलेली पातळी त्याच्या खालच्या कडेच्या थोडीशीच वर आणली. फायदा एवढाच की एका रात्री १०० मिमी पाऊस पडला तरी कोपिंगपर्यंत जागा राहते (१०० मिमी म्हणजे पातळी सरळ १० सेंमी वर, या पूलमध्ये ३२०० लिटर, आणि डेकचा उतार पूलकडे असेल तर त्याहून जास्त), आणि स्किमर चालू राहतो. त्याच्याखाली नेलं तर स्किमर हवा ओढतो, पंप कोरडा फिरतो, मेकॅनिकल सील जळतं. स्किमरच्या डब्याला मागच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक होतं पण बिल्डरने ते बंदच ठेवलं होतं, त्याला पाइप जोडून गटारात सोडला. पूल बंद करण्याच्या कामात सगळ्यात उपयोगी पडलं ते हे, कारण पातळी रोज बघायला माणूस लागत नाही, जास्तीचं आपोआप जातं.

पाणी उतरवताना ते कुठे सोडायचं हा पण प्रश्न असतो. खाली शेतं, जूनमध्ये भाताची रोपं, त्यात क्लोरीनचं पाणी सोडलं तर शेतकरी दारात येईल आणि त्याचं बरोबरच असेल. म्हणून आधी क्लोरीन टाकणं थांबवलं, उन्हात चारेक दिवस जाऊ दिले, टेस्ट किटवर शून्य आल्यावरच पाणी सोडलं. कॉपरवालं अल्गीसाइड वापरत असाल तर मात्र नुसतं थांबून काही होत नाही, कॉपर उन्हाने उडून जात नाही.

दुसरं काम निरीक्षणाच्या पाइपचं. खोल बाजूच्या शेजारी, डेकच्या कडेला, पारयीने दोन मीटरभर खड्डा मारून घेतला (जांभ्यात खड्डा मारणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल, गड्यांनी दुसऱ्या दिवशी जादा मजुरी मागितली आणि मी गपचूप दिली), त्यात भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा केला, भोवती खडी, वर झाकण. टेप सोडली की जमिनीतलं पाणी कोपिंगपासून किती खाली आहे ते कळतं, आणि वेळ पडली तर त्यातून छोटा सबमर्सिबल सोडून उपसताही येतं. काका रोज सकाळी टेप सोडून आकडा व्हॉट्सअॅपवर टाकायचे, विहिरीचा पण. जूनच्या सुरुवातीला पाइप कोरडा होता, सांजांवच्या सुमारास खाली ओल दिसली, आणि जुलै लागल्यावर पाणी भराभर चढलं, विहिरीच्या मागोमाग.

पंप पूर्ण बंद केला नाही. मालकांना वाटत होतं की बंद म्हणजे वीजबिल शून्य. पण २७-२८ डिग्रीचं उघडं पाणी तीन-साडेतीन महिने तसंच ठेवलं तर आधी शेवाळ, मग बेडूक, मग डास, आणि डासांवरून आरोग्य केंद्राचे लोक घरोघर फिरतात ते वेगळं. ताडपत्री घाला म्हणाल तर तिच्यावर पाणी साठून ती मधोमध बुडते आणि तिच्यावरच डासांची नर्सरी होते. म्हणून रोज दोन-तीन तास पंप, सीझनमध्ये सात-आठ तास असतो त्याच्या मानाने बराच कमी. पावसाने पाणी पातळ होतं, क्लोरीन, अल्कॅलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार), कॅल्शियम सगळं ओव्हरफ्लोमधून वाहून जातं, आणि असं भुकेलं पाणी मग ग्राउटमधलं कॅल्शियम खातं, म्हणजे ज्या ग्राउटची तक्रार होती तो आणखी गेला असता. खायचा सोडा टाकून अल्कॅलिनिटी ८० च्या वर धरली, आणि क्लोरीनला ट्रायक्लोरच्या गोळ्यांऐवजी कॅल्शियम हायपो, कारण गोळ्या पीएच आणखी खाली नेतात आणि पावसाने तो आधीच खाली यायला टपलेला असतो.

आता जुलैचा घोळ. जोरदार पाऊस चालू, विहीर काठोकाठ, आणि सकाळी काकांचा फोन, "पूलचं पाणी खूप खाली गेलंय." पावसात पाणी वाढायचं सोडून खाली? मी पोचेपर्यंत पातळी नेहमीपेक्षा ४० सेंमी खाली, पाइपमध्ये टेप सोडली तर जमिनीतलं पाणी कोपिंगपासून फक्त ३५ सेंमीवर. झालं असं की आदल्या दिवशी संध्याकाळी आमचा एक पोरगा फिल्टर बॅकवॉश करत होता, म्हणजे उलटं पाणी सोडून त्यातला गाळ गटारात काढत होता, मधेच लाइट गेली, पावसात गोव्यात लाइट जाणं हे काय नवीन नाही, तो थोडा थांबला आणि मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा (फिल्टरमधलं पाणी कुठे जायचं ते ठरवतो तो) दांडा तसाच बॅकवॉशवर ठेवून घरी गेला. पंप बंद होता. पण पंप रूम पूलपेक्षा खाली, बॅकवॉशची लाइन त्याहून खाली गटारात, आणि मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे पाण्याला पंपाची गरजच नव्हती, रात्रभर आपल्या वजनाने फिल्टरमधून गटारात जात राहिलं. स्किमरची लाइन हवा ओढून केव्हाच थांबली असती, मेन ड्रेन थांबत नाही, तो तळाशी असतो.

तिथे डेकवर छत्रीत उभं राहून पहिलं काम दांडा फिरवायचं आणि दुसरं गणिताचं. भांडं ४०, आत उरलेलं पाणी मीटरभर म्हणजे ३२, एकूण ७२ टन. खालून जोर ३७ गुणिले १.४०, म्हणजे ५२ टन. वीस टन हातात होते. कुणी बघितलंच नसतं आणि पूल तळाला लागला असता तर ४० विरुद्ध ५२. विहिरीचा पंप सुरू करून लगेच भरायला घेतलं, १३ हजार लिटर, तीन तास गेले, मधे परत लाइट गेली तेव्हा जनरेटर आणला. विहिरीतूनच घेतल्याने जमिनीतलं पाणीही जरा उतरायला हातभार, फार नाही. जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आंबट, ते एवढं आत गेल्यावर पीएच पडला, तो सोडा अॅशने वर आणला.

मग कोपिंग आणि डेकमधली फट चारी बाजूंनी बघितली, खोल बाजूच्या टाइल्सवर काठी आपटून पोकळ आवाज येतो का ते ऐकलं, जिथे तळाचा उतार बदलतो तिथे केसासारखी भेग दिसते का ते बघितलं, लाइटच्या खोबणीतून पाणी झिरपतंय का तेही. काही नव्हतं. त्या दिवसापासून पावसाळ्यापुरता मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करून दांड्याला तार बांधून टाकली, पंप फक्त स्किमरवर. यात थोडं नुकसान आहे, तळाचं पाणी कमी फिरतं, मधून मधून ब्रश मारावा लागतो, पण पाणी चुकून बाहेर गेलंच तर स्किमरच्या तोंडाला येऊन आपोआप थांबतं. बॅकवॉशच्या लाइनवर एक वेगळा बॉल व्हॉल्व्ह पण टाकला. त्या पोराला कुणी काही बोललं नाही, काकांनी एकदाच विचारलं, "लायट गेल्या उपरांत कितें करपाचें?" (लाइट गेल्यावर काय करायचं?) आणि उत्तर पाठ करून घेतलं.

मालकांना हे सगळं त्याच दिवशी कळवलं. थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं की चवथीला पोहता येईल ना. आलं. पाहुणे यायच्या आधी शॉक ट्रीटमेंट (क्लोरीनचा एकदम मोठा डोस), फिल्टरची वाळू उपसून धुतली, पातळी स्किमरच्या मधोमध परत आणली, मुलं मोदक खाऊन तासाभरात पाण्यात. ग्राउटचा विषय मालकांनी स्वतःच काढला, गणपती विसर्जन झाल्यावर, की आता पाऊस कमी झालाय तर करायचं का. मी त्यांना पाइपपाशी नेऊन टेप सोडायला लावली. ऊन पडलं होतं, जमीन वरून कोरडी दिसत होती, आणि पाणी अजून कोपिंगपासून हातभरच खाली. पाऊस थांबला म्हणजे जमीन लगेच रिती होत नाही, विहीर उतरायला वेळ घेते आणि पूलखालची जमीनही तिच्याच मागून उतरते.

काम मार्चमध्ये केलं. निरीक्षणाचा पाइप तळापर्यंत कोरडा आणि विहीर पूलच्या तळापेक्षा बरीच खाली गेलेली बघितली आणि मगच मेन ड्रेन उघडला. रिता झाल्यावर रिलीफ व्हॉल्व्ह काढला, आत ग्राउटचा दगड झालेला आणि स्प्रिंग गंजून गेलेली, नवा बसवला आणि टाइल्सवाले असेपर्यंत त्याच्यावर प्लॅस्टिक बांधून ठेवलं. एपॉक्सी ग्राउट, सुकायला आठवडा, मग टँकर मागवून भरला, विहिरीत तेव्हा एवढं पाणी नव्हतंच. मालकांनी तिकडून आणखी एक निरोप पाठवला, की त्यांच्या मिसिसागाच्या पूलला पण जमिनीतलं पाणी बघायचा असा पाइप ठोकता येईल का. म्हटलं काका, ते तिथल्या माणसालाच विचारा, तो तुम्हाला पूल रिता करू देत नाही म्हणजे त्याला बरंच काही माहीत असणार.